बोटाचे पाठांतर



संगणकाशेजारी मेजावर ठेवलेले जे छोटे उपकरण आज घरोघरी 'माऊस' या नावाने परिचित आहे, त्याचा पहिला अवतार लाकडाचा होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तो घडविला. त्याच्या पोटात एकमेकांशी काटकोन करणारी दोन चाके होती आणि माथ्यावर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा बटणे तीन झाली होती. पुढे २००९ साली रेझर या कंपनीने खेळाडूंसाठी 'नागा' नावाचा माऊस काढला. त्याच्या केवळ एका अंगावर, अंगठ्याच्या टप्प्यात, बारा बटणे होती.

इतकी बटणे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर 'मॅक्रो' या एका शब्दात आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात संगणकासाठी आज्ञा लिहिणाऱ्यांनी तो आपलासा केला. वारंवार लागणाऱ्या बारीकसारीक आज्ञांची एक माळ गुंफावयाची, तिला नाव द्यावयाचे, आणि पुढे ते नाव घेताच सबंध माळ हजर व्हावी, अशी ही योजना. खेळाच्या माऊसमध्ये नावाची जागा बटणाने घेतली, एवढाच काय तो फरक.

ही माळ गुंफण्याची रीत अवघड नाही. माऊससाठी कंपनीने दिलेले सॉफ्टवेअर उघडावे, नवा मॅक्रो सुरू करावा, गाणे मुद्रित करावे तसे मुद्रण चालू करावे आणि कळफलकावरील कळा हव्या त्या क्रमाने दाबाव्या. मुद्रण थांबविल्यावर पडद्यावर जी यादी उमटते, ती नवख्याला बुचकळ्यात टाकते. कळ एकच दाबलेली असते, पण नोंदी दोन दिसतात : एक कळ खाली गेल्याची, दुसरी ती वर आल्याची. शिवाय दोन नोंदींच्या मध्ये किती मिलिसेकंद गेले, याचा आकडा. म्हणजे हे यंत्र नुसते बोल टिपून घेत नाही, लयही टिपून घेते.

आणि तबल्याप्रमाणे येथेही बोल बरोबर असून लय बिघडली, तर सारे फुकट जाते. बहुतेक नवशिके घाईने ही मधली अंतरे पुसून टाकतात. परंतु पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलत असेल, तर एका चित्राचे आयुष्य सुमारे १६.७ मिलिसेकंद असते. काही खेळ दर चित्रामागे एकदाच कळांची चौकशी करतात. तेवढ्या अवधीत कळ खाली जाऊन वरही आली, तर खेळाला तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून वीस-तीस मिलिसेकंदांची विश्रांती ठेवणे शहाणपणाचे. दुसरी चूक याहून त्रासदायक. यादी छाटताना कळ वर आल्याची नोंद पुसली गेली, तर संगणकाच्या लेखी ती कळ दाबलेलीच राहते, आणि पुढची प्रत्येक क्रिया विपरीत होऊ लागते.

यानंतर मॅक्रो कसा चालावा हे ठरवावयाचे. तो एकदाच चालेल, बटण दाबून धरले असेतो चालत राहील, किंवा एका दाबाने सुरू होऊन दुसऱ्या दाबाने थांबेल. कित्येक माऊसमध्ये स्वतःची थोडी स्मृती असते. तीत साठविलेला मॅक्रो माऊसबरोबर दुसऱ्या संगणकावरही जातो. इतर बाबतींत तो सॉफ्टवेअरपाशीच राहतो आणि ते बंद असेल तर मुका होतो. मात्र परवलीचा शब्द मॅक्रोत कधीही ठेवू नये, कारण बटण कोणाच्या बोटाखाली आहे हे माऊस विचारीत नाही.

या यंत्राचे मर्म येथेच आहे. ते पाठ केलेले म्हणते. पाहत मात्र नाही. समोरची खिडकी बदलली असली तरी ते तीच अक्षरे उमटविते. शत्रू निघून गेला असला तरी तोच वार करते. म्हणून नव्या मॅक्रोची पहिली परीक्षा कोऱ्या पानावर किंवा सरावाच्या मैदानात घ्यावी, चालू कामावर घेऊ नये.

खरा पेच मात्र पुढेच उभा राहतो. दोन खेळाडू समोरासमोर बसले असता एकाची बोटे वर्षांच्या सरावाने घडलेली आणि दुसऱ्याच्या माऊसने ती करामत पाठ केलेली असेल, तर जिंकले कोण? बंदुकीचा झटका आपोआप सावरणारे मॅक्रो अनेक खेळांत निषिद्ध आहेत, ते यामुळेच. 'काउंटर-स्ट्राइक २' या खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये असेच एक बंधन घातले. हालचालीतील कौशल्य यंत्राकरवी साधणाऱ्यांना आपल्या अधिकृत सर्व्हरवरील सामन्यातून बाहेर काढले जाईल, असे तिने जाहीर केले. तेव्हा रोख नव्या प्रकारच्या कळफलकांवर अधिक होता. पण तत्त्व माऊसलाही लागू पडते. ज्या गोष्टीची परीक्षा चालली आहे, तीच यंत्राकडून करवून घेणे ही कॉपीच होय.

परंतु याच बटणाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ज्याला एकच हात वापरता येतो, त्याला तीन कळा एकाच वेळी दाबणे हे डोंगर चढण्याइतके कठीण. ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्याला एक परिच्छेद निवडून दुसरीकडे नेणे हेही यातनामय होते. अशा माणसाच्या अंगठ्याखाली तो मॅक्रो असेल, तर त्याची इच्छा तेवढ्याने पुरी होते. येथे यंत्राने कोणाचे कौशल्य चोरलेले नाही. एका माणसाला कामाच्या दारापर्यंत आणून सोडले आहे. दिवसभर तीच ती चार कळांची खटपट करणाऱ्या लिपिकाचीही यातून सुटका होते. एकाच हाताने खेळणारा माणूस स्पर्धेत उतरू पाहील, तेव्हा मात्र न्याय कोणता, हा प्रश्न नुसत्या मनाईने सुटणारा नाही. त्यासाठी नियम करणाऱ्यांना माणसाकडे पाहावे लागेल, केवळ बटणाकडे पाहून भागणार नाही.

मॅक्रो स्वतः चांगला नाही, वाईटही नाही. जे बोटाला आधीच येते, किंवा जे बोटाला मुळीच करता येत नाही, ते त्याच्या स्वाधीन करण्यात कमीपणा नाही. पण ते बटण केव्हा दाबावे, आणि समोर कोण बसलेले असताना दाबू नये, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या यादीत मुद्रित करता येत नाही. तेवढे माणसाने स्वतःच पाठ करावयाचे असते.