फ्रिज मागच्या बाजूनं पाहा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



फ्रिज थंडी तयार करतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मोटार विहिरीतलं पाणी वर आणून पाटात सोडते, तसंच हे काम. पाट तुंबला तर मोटार कितीही चालली तरी शेत भिजत नाही. फ्रिजचा पाट असतो मागच्या बाजूला: ती काळी जाळी. नव्या मॉडेलांमध्ये ती पत्र्याच्या आत बसवलेली असते, म्हणून बाजू गरम लागतात. हात लावून लोक घाबरतात. पण ती आतल्या दुधाची न् भाजीची उष्णता बाहेर पडत असते.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात केनवड आणि आसपासच्या गावांत मी वीसेक वर्षं फ्रिज दुरुस्तीची कामं करतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, गॅस संपला वाटते, भरून द्या." फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो आणि नळीला भोक पडलं तरच जातो. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरून देत असेल, तर गळती कुठे आहे हे त्याला आधी विचारा.

मी गेल्या गेल्या फ्रिज भिंतीपासून ओढतो. आपल्याकडे सोयाबीन निघालं, मळणीयंत्र चाललं की आठ-पंधरा दिवस सगळं गाव भुश्शात असतं. तो भुसा जाळीवर बसतो, त्यावर फोडणीचा तेलकटपणा चढतो आणि गोधडीसारखा थर होतो. बाजूला तुरीची पोती रचलेली, वर लोकरीचं विणकाम, त्यावर टीव्हीचा जुना खोका. मग फ्रिजनं उष्णता टाकायची कुठे? ती टाकता येत नाही म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही, बिल वाढतं आणि दूध मात्र नासतं. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, बाजू मोकळ्या ठेवा. दिवाळीनंतर एकदा आणि गुढीपाडव्याच्या आधी एकदा प्लग काढून मऊ ब्रशनं जाळी झाडा. त्याच वेळी उंदरानं वायर कुरतडली आहे का, तेही पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

फ्रिजच्या मागं किंवा आत माहितीची एक पट्टी असते. तिच्यावर बहुधा 'एन', 'एसटी' किंवा 'टी' असं लिहिलेलं सापडतं. हे फ्रिज किती गरम खोलीत नीट चालेल याचं माप आहे. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ आणि टी म्हणजे ४३. आता मे महिन्यातली आपली टिनाची खोली आठवा. बाहेरच पारा ४३-४४ वर असतो, टिनाखाली त्याहून जास्त. तिथं चांगला फ्रिजही हात टेकतो. घरात मातीची किंवा स्लॅबची खोली असेल तर फ्रिज तिथं न्या, चुलीपासून लांब. पाहुण्यांना तो समोर दिसावा म्हणून उन्हाच्या भिंतीला लावण्यात काही अर्थ नाही.

आता जिवाची गोष्ट. "दाराला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, पण चालते," असं मला कितीतरी घरांत सांगतात. चालत नाही, श्रोतेहो. याचा अर्थ वीज पत्र्यावर उतरते आहे आणि अर्थिंग तिला जमिनीत नेत नाही. फरशी ओली, पाय अनवाणी आणि आत काही बिघाड झाला, की त्याच झिणझिण्या माणूस घेऊन जातात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवण्याची युक्ती करू नका. झिणझिण्या आल्या की फ्रिज बंद करून वायरमनला बोलवा. अर्थिंग जमिनीत पुरलेलं असतं, ती जागा उन्हाळ्यात कोरडी पडते. तिथं अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

फ्रीझरमधल्या बर्फाबद्दल थोडं. साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर पेन्सिलीएवढा जाड झाला की काढून टाकावा, कारण तो गोधडीचंच काम करतो. फ्रिज बंद करा, दार उघडं ठेवा, कोमट पाण्याचं पातेलं आत ठेवा. सुरी किंवा उलथनं अजिबात नको. तिथली पन्हाळी अॅल्युमिनियमची असते, एका टोचणीत भोक पडतं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए गॅस असतो. तो ओझोनला इजा करत नाही, पण पेट घेणारा आहे. भोक पडून फुस्स आवाज आला तर बटणाला हात न लावता आधी दारं-खिडक्या उघडा.

याच कप्प्यात हिवाळ्यात तुरीचे सोले ठेवण्याची पद्धत आता घरोघरी झाली आहे, आणि ती मला आवडते. सोले उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घाला, लगेच गार पाण्यात काढा, फडक्यावर कोरडे करा आणि एका भाजीपुरत्या लहान पिशव्या भरा. मोठी पिशवी भरली की दर वेळी सगळे सोले थोडे वितळतात, पुन्हा गोठतात आणि चव जाते. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, तिथं सोले वर्षाच्या भाजीला पुरतात. एक दाराच्या फ्रिजचा कप्पा तेवढा गार नसतो. तिथले लवकर संपवा.

वीज गेली की फ्रिज उघडून पाहण्याची सगळ्यांना घाई. दार बंद ठेवलं तर खालचा भाग साधारण चार तास गार राहतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. वितळलेलं मटण आणि कोमट झालेलं दूध वासावरून तपासू नका. वास यायच्या आधीच ते बाधू शकतं. लग्नाला चार दिवस गावी जाणार असाल तर फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाला दिसलं, तर मागं बराच वेळ वीज नव्हती आणि बर्फ वितळून पुन्हा झाला, हे कळतं. वीज आल्यावर फ्रिज पाच मिनिटांनी सुरू करा. दाब कमी असताना कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि जळतो, म्हणून जुन्या फ्रिजला उशिरा सुरू होणारा स्टॅबिलायझर लावाच.

खेड्यातला फ्रिज एका घराचा नसतो. गल्लीतल्या काकूंचं इन्सुलिन आपल्या दारात ठेवलेलं असतं आणि त्यांची भिस्त आपल्या फ्रिजवर असते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवली तर गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामी. ते टाकूनच द्यायचं. दाराचा कप्पाही नको, तिथं दिवसभर गरम हवा लागते. मधल्या फळीवर, डब्यात, नाव लिहून ठेवा. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. नेमकं सोबतच्या कागदावर पाहा. वीज दिवसभर नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात कुपी, वर ओलं फडकं आणि सगळं सावलीत वाऱ्याला. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हे चांगलं गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा मडक्यावर विसंबू नका. ज्या घरी वीज असेल तिथं कुपी पोचवा.