कामांची मोजदाद आणि तिची निगा



‘आपण काय करतां?’ हा प्रश्न ओळख होतांच आपण एकमेकांस विचारतों, आणि ‘कारकून’, ‘यंत्रज्ञ’, ‘परिचारिका’ अशा एका शब्दाच्या उत्तरानें आपलें समाधान होतें. परंतु ज्यांना त्या यंत्रज्ञाच्या शिक्षणाची योजना आंखावयाची आहे, किंवा त्याच्या बढतीची परीक्षा घ्यावयाची आहे, त्यांना एवढें उत्तर पुरत नाहीं. तो दिवसभरांत प्रत्यक्ष कोणकोणतीं कामें करतो आणि कोणत्या कामांत त्याचा किती वेळ जातो, हें त्यांना कळावें लागतें. अशा मोजदादीस व्यवसाय-पाहणी म्हणतात. या पाहणीचा अर्थ लावणारी जी संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यांत सॉफ्टवेअर म्हणतों, तिची निगा कशी राखावी आणि तींत सुधारणा करतांना कोणतें पथ्य पाळावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या बाबतींत अमेरिकेच्या हवाई दलाचें उदाहरण मोठें उद्बोधक आहे. टेक्सास राज्यांत सॅन अँटोनिओ येथें लॅकलंड नांवाचा हवाई तळ आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकांत रेमंड क्रिस्टल या मानसशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालीं या विषयाचें संशोधन झालें, आणि त्यांतून ‘कोडॅप’ या संक्षिप्त नांवानें ओळखली जाणारी आज्ञावली निर्माण झाली. नांव एक असलें तरी ती एकटी आज्ञावली नव्हे. एकीचें उत्तर दुसरीनें उचलावें अशा अनेक लहानमोठ्या आज्ञावलींचा तो संच होता.

तिची रीत समजण्यास कठीण नाहीं. प्रथम त्या त्या धंद्यांतील जाणत्या माणसांच्या साह्यानें कामांची यादी तयार करावयाची. ही यादी शेंकडों कलमांची असे. ‘इंजिनाची देखभाल’ असें मोघम कलम तींत चालत नसे. ‘इंधनाची नळी बदलणें’ असें नेमकें कलम लागे. ही यादी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे जाई. आपण करतों त्या कामांवर त्यांनीं खूण करावयाची, आणि इतर कामांच्या मानानें त्यांत अधिक वेळ जातो कीं कमी, हें अंकानें दाखवावयाचें. समजा, एकानें चार कामांवर खुणा केल्या आणि त्यांस ७, ५, ५ आणि ३ असे अंक दिले. बेरीज २० झाली. म्हणजे पहिल्या कामांत त्याचा ३५ टक्के वेळ जातो, पुढील दोहोंत २५-२५ टक्के आणि शेवटच्यांत १५ टक्के, असें आज्ञावली धरते. आतां दुसऱ्या माणसाचा ४० टक्के वेळ त्याच पहिल्या कामांत, २० टक्के दुसऱ्यांत आणि बाकीचा अगदीं निराळ्याच कामांत जात असेल, तर प्रत्येक समान कामांतील लहान आंकडा घेऊन, ३५ आणि २० मिळून, या दोघांच्या नोकरींत ५५ टक्के साम्य आहे असें ठरतें.

असें साम्य प्रत्येक जोडीचें काढावयाचें. माणसें २,००० असलीं तर जोड्या १९,९९,००० होतात. हें काम हातानें होणें नाहीं. मग सर्वांत जवळची जोडी एकत्र करावयाची, नंतर तिच्या खालोखालची, अशा रीतीनें लहान गटांतून मोठे गट बनवीत जावयाचें. या क्रमवार गटबांधणीची पद्धति त्याच संशोधनसंस्थेंतील जो वॉर्ड यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें आज जगभर परिचित झाली आहे. अखेरीस असें दिसून येई कीं, एकाच हुद्द्याच्या नांवाखालीं वस्तुतः तीन-चार निरनिराळ्या नोकऱ्या वावरत आहेत.

हें केवळ विद्वानांचें कुतूहल नव्हतें. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत जें काम कोणी करीतच नाहीं, तें आरंभींच्या शिक्षणांत शिकविण्यांत पैसा आणि वेळ व्यर्थ जातो; जें काम पहिल्याच महिन्यांत अंगावर येतें, तें शिकविलें नाहीं तर अपघात होतो. बढतीच्या परीक्षेंत काय विचारावें, हें ठरवितांनाहि या पाहणीचा आधार घेण्यांत येई. म्हणून आज्ञावलीनें एखादा आंकडा चुकविला, तर त्याचें प्रायश्चित्त आज्ञावलीस किंवा तिच्या लेखकास न मिळतां, दूर कोठें तरी एखाद्या तळावर बढतीची वाट पाहणाऱ्या जवानास मिळतें. आणि आपल्यावर अन्याय कोठून झाला याचा त्यास पत्ताहि नसतो.

यंत्राचीं चाकें झिजतात, तशी आज्ञावली झिजत नाहीं. मग तिला निगा कसली? याचें पहिलें कारण असें कीं, तिच्या पायाखालचें यंत्र बदलतें. हीच पद्धति पुढें अमेरिकेच्या इतर लष्करी दलांनीं स्वीकारली, आणि ती निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर न्यावी लागली. त्या काळचीं कांहीं यंत्रें एक संख्या ३६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३६ खुणांत सांठवीत. १९६४ सालीं जाहीर झालेल्या आय. बी. एम. ३६० या मालिकेंत त्याच साध्या संख्येस ३२ बिट मिळत. त्यामुळें अपूर्णांकाचीं शेवटचीं स्थळें गळतात. एरव्हीं त्याचें कांहीं वाटणार नाहीं. परंतु दोन जोड्यांचें साम्य जवळजवळ सारखें असेल, तर त्या शेवटच्या स्थळावरूनच कोणती जोडी आधीं बांधावयाची हें ठरतें; आणि आरंभींची एक गांठ निराळी पडली कीं पुढील सर्व गटांची रचना निराळी होऊं शकते. माणसें तींच, उत्तरें तींच, निष्कर्ष मात्र दुसरा! १९८० नंतरच्या दशकांत हवाई दलानें ‘आस्की कोडॅप’ या नांवानें हा संच नव्यानें लिहविला. अशा पुनर्लेखनांत खरी कसोटी लागते ती येथेंच.

दुसरें कारण असें कीं, काम स्वतःच बदलतें. जुनीं उपकरणें जातात, नवीं येतात, आणि यादींतील कलमें शिळीं होतात. यासाठीं ‘यादींत नसलेलीं कामें’ लिहिण्यास मोकळी जागा ठेवीत, आणि पुढील यादी तिच्या आधारें सुधारीत. परंतु यादी बदलली कीं जुन्या पाहणीशीं तुलना कशी करावयाची? हा प्रश्न आपल्या देशासहि नवा नाहीं. येथील व्यवसायांचें राष्ट्रीय वर्गीकरण १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ अशा चार वेळां सिद्ध झालें आहे. जुना कोणता क्रमांक नव्या कोणत्या क्रमांकांत गेला, याचा तक्ता जवळ नसेल, तर एखाद्या धंद्यांतील माणसें खरोखरच कमी झालीं, कीं केवळ दुसऱ्या रकान्यांत जाऊन बसलीं, हें सांगतां येणार नाहीं. तो तक्ता जपणें हा आज्ञावलीच्या निगेचाच भाग समजावा.

तिसरी गोष्ट कोऱ्या जागेची. खूण नाहीं याचा अर्थ ‘हें काम मी करीत नाहीं’ असा आज्ञावली घेते. पण दोन पानें एकदम उलटून एखाद्यानें मधलीं पन्नास कलमें वाचलींच नसतील तर? आज्ञावली मुकाट्यानें शून्य लिहील, आणि त्याचा सर्व वेळ उरलेल्या कामांत वांटून देईल. येथें चांगली सुधारणा कोणती? अनुमानानें तीं पन्नास उत्तरें भरणें ही नव्हे. असें सबंध कोरें पान दिसतांच तें वेगळें काढून मनुष्याच्या नजरेस आणणें, ही खरी सुधारणा होय.

मग सुधारणा करणारानें पथ्य कोणतें पाळावें? मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें असें. एक जुनी, पूर्ण तपासलेली पाहणी मापाच्या वजनाप्रमाणें जपून ठेवावी. आज्ञावलींत लहानमोठा कोणताहि फरक केला कीं तीच पाहणी तिच्यांतून पुन्हा काढावी आणि जुनें उत्तर नव्याशीं ताडून पाहावें. उत्तरें जुळलीं तर उत्तमच. न जुळलीं तर नवें चुकलें असेंच नव्हे. कदाचित् जुनेंच इतके दिवस चुकत असेल. मात्र फरक कोठें पडला, कां पडला आणि त्यामुळें पूर्वींचे कोणते निर्णय पुन्हा तपासावे लागतील, हें शोधून लिहून ठेविल्यावांचून नवी आज्ञावली कोणाच्या हातीं देऊं नये. अधिक वेग, अधिक सुबक तक्ते यांचें महत्त्व त्यानंतरचें.

हें लिहून ठेवण्याचें काम नीरस आहे, आणि म्हणूनच तें टळतें. आज्ञावली लिहिणारा आपल्या डोक्यांत शंभर कारणें बाळगून असतो. तो बदलून गेला कीं त्याच्यामागून येणाऱ्यास ओळी दिसतात, कारणें दिसत नाहींत. आणि ज्याचें कारण ठाऊक नाहीं, तें हलविण्यास तो भितो किंवा निरर्थक समजून काढून टाकतो. दोहोंतहि हानि आहे. नवी आज्ञावली रचणाराचें नांव होतें. तिची निगा राखणाराचें नांव सहसा कोणी घेत नाहीं, आणि खर्चांत काटकसर करावयाची झाली म्हणजे प्रथम त्याच्याच जागेवर गदा येते.

हजारों माणसांनीं आपला वेळ मोडून, आपण काय करतों हें प्रामाणिकपणें कागदावर उतरवून दिलेलें असतें. त्यांच्या उत्तराचा अर्थ यंत्र बदललें म्हणून, यादी बदलली म्हणून, किंवा जुना जाणता माणूस गेला म्हणून बदलतां कामा नये. पाहणी करणारानें त्यांना दिलेलें हें न बोललेलें वचन आहे, आणि आज्ञावलीची निगा म्हणजे तें वचन पाळण्याची रोजची मेहनत होय.