सज्ञान मुलांचे आर्थिक स्वावलंबन



कायद्याच्या दृष्टीने मूल अठराव्या वर्षी सज्ञान होते. पैशाच्या व्यवहारात मात्र ते सज्ञान होईपर्यंत अनेक घरांत तिशी उजाडते. पदवी मिळते, नोकरी लागते, तरी घरभाडे आणि विम्याचा हप्ता वडिलांच्याच खात्यातून जातो. यामागे मुलांचा आळसच असतो असे नाही. महानगरातील भाडे आणि सुरुवातीचा पगार यांचा मेळ बसणे कठीण असते. मदत लागतेच, तिची रीत कोणती असावी, हा विचाराचा विषय आहे.

मराठी समाजाला या विचाराची परंपरा आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गरीब विद्यार्थ्यांना ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. त्या श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागे आणि ताटातील घासाचे मोलही कळे.

आजच्या घरांत हीच जाणीव साध्या नियमांनी रुजविता येते. मदतीला मुदत असावी. दरमहा दहा हजार रुपये देणाऱ्या पालकांनी आरंभीच सांगावे, की सहा महिन्यांनी सात हजार, वर्षाने चार हजार आणि दीड वर्षानंतर मदत बंद. दिलेली रक्कम भेट आहे की उसनी, हे लिहून ठेवावे. ही संदिग्धता पुढे भावंडांत वितुष्ट आणते. घरी राहणाऱ्या कमावत्या मुलाने आणि मुलीनेही घरखर्चाचा वाटा उचलावा. मुलीचा पगार ‘तिच्या लग्नासाठी’ म्हणून परस्पर बाजूला ठेवणे, हेही तिला परावलंबी राखणेच होय.

कर्जाच्या बाबतीत अधिक सावधपण हवे. दरमहा साडेतीन टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर चाळीस हजार थकले, तर महिन्याचे व्याजच चौदाशे रुपये होते. किमान देय म्हणून दोन हजार भरले, तरी मुद्दल जेमतेम सहाशेने घटते. व्याजावरील कर धरल्यास त्याहूनही कमी. अशी थकबाकी पालकांनी एकदा फेडलीच, तर मुलांना हे गणित शेजारी बसवून मांडायला लावावे. फेडण्याआधी कार्ड बंद झाले पाहिजे.

जामीन राहताना तर भावनेला आवर घालावा. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. स्वाक्षरी ही केवळ आशीर्वाद नव्हे.

सर्वांत मोठी जोखीम पालकांच्या उतारवयाची आहे. मुलांच्या शिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज मिळते आणि त्याची परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होते. वृद्धांच्या औषधपाण्यासाठी तशी सोय नाही. तेथे बहुधा राहते घरच गहाण पडते. म्हणून भविष्य निर्वाह निधी रिकामा करून मुलाचा फ्लॅट उभा करणे, हे वरकरणी वात्सल्य असले, तरी त्याचा भार अखेर त्याच मुलावर येतो. परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे विशेष लागू आहे. अडचणीच्या वेळी गावाकडचा गोतावळा त्यांच्या हाकेच्या अंतरावर नसतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे प्रत्येक घरात सांगितले जाते. ते अंथरूण केवढे आहे, हे मात्र मुलांना क्वचितच दाखविले जाते. घरातील उत्पन्न, कर्ज आणि शिल्लक सज्ञान मुलांसमोर मोकळेपणाने मांडावी. हा हिशेब ठाऊक असलेले मूल मागण्यापूर्वी विचार करते आणि पुढे आईवडिलांचा आधारही होऊ शकते.