कोंबडीचें रात्रीचें घर

कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, ही म्हण मराठींत सर्वतोमुखी आहे. तिचा बोध सर्वांस ठाऊक असतो. परंतु तिच्यांत एक जुनी घरगुती रीतहि जतन झालेली आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दिवेलागणीस कोंबडीं डालग्याखालीं झांकावयाचीं आणि उजाडतांच मोकळीं करावयाचीं, ही ती रीत. झांकल्यापासून मोकळें होईपर्यंत त्या पक्ष्याचा वेळ कसा जातो, याचा विचार म्हण करीत नाहीं, आणि बहुधा घरधनीहि करीत नाहीं. वास्तविक हा वेळ थोडा नव्हे. कोंकणांत मार्गशीर्ष-पौषांतील रात्र जवळ जवळ तेरा तासांची असते. म्हणजे कोंबडीचें निम्मे आयुष्य खुराड्यांत जातें. तिच्या दाण्यापाण्याची चौकशी सर्वजण करितात. तिच्या झोंपेची चौकशी मात्र क्वचितच होते.

रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याजवळ असलेलें मालगुंड हें गांव मराठी वाचकांस कवि केशवसुतांचें जन्मस्थान म्हणून परिचित आहे. १८६६ सालीं त्यांचा जन्म येथें झाला. समोर समुद्र, मागें जांभ्याचा सडा आणि मध्यें माडापोफळींच्या छायेंत कौलारू घरें, अशी या किनाऱ्यावरील गांवांची ठेवण असते. अशा घराच्या परसांत केळ, अळूं व फणस यांच्या जोडीला चारसहा कोंबड्याहि असावयाच्या. त्यांची मालकी बहुधा घरच्या गृहिणीकडे असते. पुरुष मुंबईस चाकरीला आणि त्याची मनिऑर्डर महिन्याकाठीं, अशी स्थिति ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या होती, तेथें अंड्यांचे चार पैसे हेच कित्येक बायकांचे स्वतःच्या हातचे पैसे असत. तेव्हां एक कोंबडी रात्रींतून नाहींशी होणें ही त्या घरांत लहान गोष्ट नव्हती. आज निवृत्तीनंतर शहरांतून गांवच्या घरीं राहावयास येणारीं कुटुंबेंहि हौसेनें कोंबड्या पाळतात. त्यांनाहि हा अनुभव चुकत नाहीं.

तो अनुभव असा. चैत्र-वैशाखांत कोंबड्या संध्याकाळीं खुराड्यांत शिरेनाशा होतात. दाणे टाकले, हांका मारल्या, तरी त्या फणसाच्या फांदीवर चढून बसतात. चार रात्री सुखरूप जातात, पांचव्या रात्रीं रानमांजर येतें, आणि सकाळीं झाडाखालीं पिसें मात्र सांपडतात. घरांतील मंडळी निकाल देतात कीं कोंबड्याच रानटी झाल्या. खरें पाहतां निकाल कोंबड्यांनीं दिलेला असतो, आणि तो खुराड्याविरुद्ध असतो. आंत उकाडा आहे, दाटी आहे, घाण आहे, बसावयास जागा नाहीं, हें त्यांना बोलून सांगतां येत नाहीं; म्हणून त्या झाडावर जाऊन सांगतात.

झाडच कां, याचें उत्तर त्यांच्या कुळांत आहे. पाळीव कोंबडी ही मुख्यतः दक्षिण व आग्नेय आशियांतील तांबड्या रानकोंबड्याची वंशज होय. चार्लस् डार्विन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच तसें प्रतिपादिलें होतें. पुढें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें त्यांत एक भर घातली: पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा जो पिवळा रंग दिसतो, त्याचें मूळ राखी रानकोंबड्यांत आहे. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांतलाच. हे सर्व रानपक्षी दिवसभर जमिनीवर चरतात आणि अंधार पडण्यापूर्वीं झाडावर चढतात. जमिनीवर रात्र काढणें म्हणजे मरण, हें ज्ञान त्यांच्या रक्तांत मुरलेलें आहे. सुरक्षित खुराड्याच्या जमिनीवर बसलेल्या कोंबडीलाहि तें ज्ञान स्वस्थ झोंपूं देत नाहीं. तिला थोड्या उंचीवर पायांत कांहींतरी धरावयास हवें असतें. ही गरज एका साध्या दांडीनें भागते. मात्र ती दांडी विचारपूर्वक बसविली पाहिजे.

प्रथम दांडीचा आकार. कोंबडी बसली म्हणजे तिचा पाय दुमडतो. पाय दुमडतांच बोटांकडे जाणारे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटें आपोआप आंवळलीं जातात. म्हणूनच झोंपेंतहि ती घसरून पडत नाहीं. पण तिचें वजन केवळ पायांवर नसतें. तिच्या छातीचें हाडहि दांडीवर टेकतें. दांडी बारीक आणि गोल असेल तर सारा भार त्या हाडाच्या एका रेघेवर पडतो आणि कालांतरानें हाड वांकडें होतें. म्हणून दांडी सुमारें दोन इंच रुंद, वरून सपाट आणि कडा गोल तासलेली अशी असावी. कड तीक्ष्ण राहिली किंवा लांकडाचा सळ निघाला, तर तळव्यास जखम होते, तींत पू धरतो, आणि कोंबडी लंगडूं लागते.

दुसरा प्रश्न दांडी कशाची असावी हा. कोंकणांत हाताशीं सांपडतो तो बांबू. तो स्वस्त असतो खरा, परंतु गुळगुळीत व गोल असल्यामुळें पाय घसरतो आणि त्याचीं उघडीं पोकळ टोंकें किड्यांस आयतें घर होतात. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची नळी त्याहून निसरडी. फणसाच्या किंवा सागाच्या लांकडाची तासलेली रीप सर्वांत उत्तम. ती खिळ्यांनीं ठोकून टाकूं नये. दोन्ही बाजूंस खांचा करून तींत ती नुसती ठेवावी, म्हणजे उचलून बाहेर काढतां येते. या एका सोयीचें महत्त्व पुढें दिसून येईल.

तिसरी गोष्ट लांबीची. युरोपीय संघानें १९९९ सालीं अंड्यांच्या कोंबड्यांच्या निवासाविषयीं निर्देश काढला. त्यांत प्रत्येक कोंबडीस निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सहा इंच दांडी मिळालीच पाहिजे असें ठरविलें. दांडीला तीक्ष्ण कड नसावी असेंहि बजावलें. आणि ज्यांत दांडीच नसे असे जुन्या पद्धतीचे तारेचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. कोंबडीला रात्रीं बसावयास दांडी हवी, ही गोष्ट अशा रीतीनें कायद्यांत गेली. परंतु सहा इंच हें थंड देशांतील किमान माप झालें. कोंबडीला घामाच्या ग्रंथि नसतात. चोंच उघडून धापा टाकणें व पंख अंगापासून दूर धरणें, एवढेच उपाय तिच्यापाशीं असतात. वैशाखांतल्या दमट रात्रीं पंख पसरावयासच जागा नसेल तर तिनें काय करावें? म्हणून किनाऱ्यावर प्रत्येकीस नऊ इंच धरणें योग्य. सहा कोंबड्या व एक कोंबडा असेल तर त्रेसष्ट इंच, म्हणजे सव्वापांच फूट लांबीची एकच दांडी सर्वांस पुरते. तिचें भिंतीपासून अंतर एक फूट असावें, नाहीं तर शेपटीचीं पिसें भिंतीवर घांसून झडतात.

उंची ठरवितांना पक्ष्याची जात पाहावी. हलकी गांवठी कोंबडी तीन-चार फुटांवर सहज चढते. अंगानें जड असलेल्या संकरित जातींस दीड-दोन फूट पुरे, कारण उंचावरून उडी टाकतांना त्यांचे पाय व छातीचें हाड दुखावतें. दोन दांड्या लागणार असतील तर त्या सारख्याच उंचीवर, एकमेकींपासून निदान एक फुटावर असाव्यात. पायऱ्यांसारख्या चढत्या दांड्या दिसावयास शोभिवंत असतात, पण त्यांमुळें रोज संध्याकाळीं कलह माजतो. कोंबड्यांत मानाचा क्रम असतो, आणि कोणी कोणास टोंचावें हें त्या क्रमानें ठरतें, ही गोष्ट नॉर्वेमधील शेल्डरुप-एब्ब या संशोधकानें १९२१-२२ च्या सुमारास प्रथम पद्धतशीर मांडली. वरची दांडी दिसली कीं मानकरणी ती बळकावितात आणि दुबळ्या कोंबडीस खालीं ढकलतात; खालीं तिच्या अंगावर रात्रभर विष्ठा पडते. सारख्या उंचीवर हा तंटा पुष्कळ कमी होतो. अंडीं घालण्याचें खोकें मात्र दांडीहून खालीं असावें. तें वर असेल तर कोंबड्या त्यांतच निजतात आणि सकाळचीं अंडीं मळतात.

आतां पावसाळ्याचें. येथें वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. त्या भीतीनें लोक खुराडें सर्व बाजूंनीं बुजवून टाकतात. मग आंत काय होतें? विष्ठेंत ओल मुरते, तिच्यांतून अमोनिया वायु सुटतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासाचे विकार जडतात. पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो, तेव्हां खुराड्याची पाठ तिकडे करावी, दार पूर्वेस ठेवावें, आणि उत्तरेच्या अंगास छपराला लागून, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांहून वर, जाळीचा झरोका ठेवून त्यावर पागोळी लांब काढावी. तेणेंकरून वारा अंगावर न येतां दमट हवा वरच्यावर निघून जाते. परीक्षा सोपी आहे. पहांटे दार उघडतांच दांडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. नाक झोंबलें तर कोंबडीनें तीच हवा रात्रभर घेतली असें समजावें. दांडीखालीं आठ इंचांवर एक फळी ठेवून ती रोज खरवडली, तर हा त्रास पुष्कळच टळतो. खरवडलेलें खत परसांतल्या झाडांस उत्कृष्ट. मात्र त्यांत चुलींतील राख मिसळूं नये, कारण राखेमुळें खतांतील नत्र उडून जातें. राख कोंबड्यांस अंग घुसळावयास कोरड्या मातींत घालून द्यावी.

झोंपेचा सर्वांत मोठा वैरी मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. कोळ्याच्या जातीचा एक अतिसूक्ष्म किडा आणि कोंबडीवरील गोचीड, हे दोघे दिवसा दांडीच्या खांचांत व फळ्यांच्या फटींत दडतात आणि रात्रीं बाहेर पडून रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर बहुधा कांहीं सांपडत नाहीं. ती फिकी पडत जाते, अंडीं कमी होतात, आणि कारण कळत नाहीं. गोचीड तर तापाचे जंतुहि एकीकडून दुसरीकडे नेते. म्हणून रात्रीं बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू पाहावी किंवा पांढरें फडकें टोंकांवर घासावें. तांबडा डाग उठला तर शत्रु सांपडला. दांडी उचलून काढतां येण्यासारखी कां असावी, तें येथें कळतें. ती बाहेर काढावी, खांचांत कढत पाणी ओतावें, भिंतींस चुना द्यावा, दांडी कडक उन्हांत ठेवावी. आषाढ-श्रावणांत ऊन नसतें. तेव्हां दांड्यांची एक जादा जोडी करून ठेवावी आणि कढत पाण्यानें धुतलेली जोडी चुलीवरच्या माळ्यावर धुरांत वाळवावी.

हें सर्व सांगतांना जुन्या खुराड्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ओट्याच्या पोटांत चिऱ्यांनीं बांधलेलें तें ठेंगणें खुराडें आणि त्याला लावलेली जाड फळी, यांमागें मोठें शहाणपण होतें. मुंगूस, रानमांजर, घूस व साप यांपासून रक्षण, हें त्याचें एकमेव काम, आणि तें त्यानें चोख केलें. बाजारांत मिळणारें नवें लांकडी खुराडें त्या मानानें पुष्कळदां कच्चें ठरतें. त्याची पातळ षट्कोनी जाळी रानमांजराला दांतांनीं फाडतां येते आणि तिच्या भोंकांतून साप येतो. जाडजूड तारेची, अर्धा इंच भोंकांची सांधलेली जाळीच वापरावी. जुन्यांत बंदोबस्त होता, विसांवा नव्हता. नव्यांत विसांवा दिसतो, पण बंदोबस्त नसतो. चिऱ्यांचा पाया, मजबूत जाळी व आंत चांगली दांडी, असा दोहोंचा मेळ गांवच्या सुताराकडून सहज घालून घेतां येतो.

आणखी एक गोष्ट लहान पिलांची. कांहीं आठवडे तीं आईच्या पंखांखालीं जमिनीवरच निजतात, आणि तेव्हां आईलाहि खालीं कोरडी उबदार जागा हवी. परंतु त्या वयांतच त्यांच्यासाठीं वीतभर उंचीवर एक लहान काठी ठेवावी. लहानपणीं चढण्या-उतरण्याची संवय झाली नाहीं, तर मोठेपणीं कोंबडी दांडी समोर असूनहि जमिनीवर बसते, असें संशोधकांस आढळलें आहे. शिक्षणाचें वय असतें, हा नियम पक्ष्यांसहि लागू आहे. अर्थात् दांडी कितीहि चांगली असली तरी तिनें मानमोडी टळत नाहीं. त्या रोगावर लसच हवी. ती देण्याचें काम मात्र दांडीमुळें सुकर होतें, कारण अंधारांत बसलेली कोंबडी बिनबोभाट हातीं लागते.

खुराडें चांगलें कीं वाईट, हें ओळखण्यासाठीं पुस्तक लागत नाहीं. सूर्य समुद्रांत बुडण्याच्या सुमारास जरा दूर उभें राहावें. कोंबड्या न हांकतां आंत गेल्या, दांडीवर थोडी सरकासरक झाली, आणि अंधार दाटतांना आंतून आवाज येईनासा झाला, तर घर त्यांच्या मनास आलें आहे. तसें न होतां एखादी फणसाकडे मान वळवूं लागली, तर तिला काठीनें आंत ढकलण्याआधीं आपण वांकून आंत पाहावें.