स्वतःचं गाणं



आमच्या पापडीत आणि आसपासच्या वसईत मुलांच्या हाती गिटार फार लवकर येते. रविवारच्या मिस्साला गायकवृंदाची साथ करता करता सूर बसतो, तालाची जाण येते, आणि मग चार मित्र जमले की बँड काढायचं ठरतं. अशा मुलांना मुंबईच्या एका बँडची वाटचाल माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. या बँडचं सुरुवातीचं नाव रॉक मशीन आणि नंतरचं इंडस क्रीड.

रॉक मशीनची सुरुवात १९८४ची. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही त्यांची गाजलेली फळी. तेव्हा कॉलेजच्या महोत्सवांत रॉक म्हणजे परदेशी बँडची गाणी. मूळ रेकॉर्डबरहुकूम जो वाजवील तो चांगला, अशी श्रोत्यांची पारख होती. रॉक मशीननंही आधी तेच केलं. त्यात हात तयार झाला, लोकप्रियताही मिळाली. तिथंच थांबले असते तरी कार्यक्रमांना तोटा नव्हता.

पण १९८८मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. १९९०मध्ये दुसरा आला, ‘द सेकंड कमिंग’. यात काय मोठं, असं कुणी विचारील. ज्यानं बँडमध्ये वाजवलंय त्याला हे चटकन कळेल. दुसऱ्याचं गाणं वाजवताना सगळे निर्णय आधीच झालेले असतात. स्वतःच्या गाण्यात ड्रमच्या कुठल्या ठोक्यावर बेसचा स्वर टाकायचा, गिटारनं कुठं पुढं यायचं आणि कुठं गप्प राहायचं, कडवं संपल्यावर किती मात्रा सोडायच्या, हे सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि समोरच्या श्रोत्यानं ते गाणं आधी ऐकलेलं नसतं. ओळखीच्या गाण्याला पहिल्या स्वरालाच टाळी पडते. नव्या गाण्याला ती मिळवावी लागते.

त्या काळी ती मिळवण्याची मोठी जागा म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. फरहाद वाडिया यांनी १९८६मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथं भरायचा. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि बँड घराघरांत दिसू लागला. ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओला १९९३मध्ये एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. भरात असताना कमावलेलं नाव सोडायला धाडस लागतं. त्यांचं संगीत बदललं होतं, आणि आपण कुठल्या मातीतले आहोत हे नावातून कळावं, असं त्यांना वाटत होतं. त्या नावाचा अल्बम १९९५मध्ये आला.

१९९७मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा बँड उभा केला. इकडे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनही मुकं झालं. शेजारी रुग्णालय, महाविद्यालय, न्यायालय, नियम योग्यच. पण त्या जागेच्या तोडीची दुसरी हक्काची जागा शहरानं तरुणांना दिली नाही, याचं मला वाईट वाटतं. २०१०मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आलं आणि २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम घेऊन आलं. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांचं. पर्ल जॅम या बँडच्या ‘टेन’ या अल्बमचं मिक्सिंग करणारे तेच. तेरा वर्षांनी परत येऊनही त्यांनी जुन्या लोकप्रियतेवर भागवलं नाही, नवी गाणी बांधली.

इंडस क्रीड इंग्रजीत गायलं. त्याच्या पुढचं पाऊल पाहायचं तर स्कॉटलंडच्या रनरिगकडे पाहावं. स्काय बेटावर १९७३मध्ये निघालेला हा बँड. १९७८च्या पहिल्या अल्बमपासून त्यांनी रॉकच्या वाद्यमेळात आपली गेलिक भाषा आणली. २०११च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये ती बोलणारे जेमतेम ५७ हजार निघाले. एवढ्या थोड्या लोकांची भाषा ती. तरी १९९५मध्ये त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १८व्या क्रमांकावर पोचलं. गायक बदलले, तरी बँड २०१८पर्यंत चालला आणि त्यानं स्टर्लिंगला श्रोत्यांचा निरोप घेतला.

आपल्याकडेही सामवेदी आहे, वाडवळी आहे, कोळी बोली आहे. लग्नातली गाणी या बोलींत आहेत, आणि ती आजीला पाठ असतात. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारवर या बोलींतलं नवं गाणं का उभं राहू नये? वाजवणारे हात आपल्याकडे आहेत. कमी आहे ती पहिल्यांदा ऐकून घेणाऱ्या श्रोत्यांची.

म्हणून माझी विनंती वाजवणाऱ्यांइतकीच कार्यक्रम ठरवणाऱ्यांना आहे. गावच्या सणात, कॉलेजच्या महोत्सवात, लग्नाच्या मांडवातसुद्धा प्रत्येक बँडला सांगा, की एक गाणं तुमचं स्वतःचं हवं. ते कच्चं असेल, चाल कुठंतरी अडखळेल. तरी शेवटपर्यंत ऐका आणि पुढच्या वर्षी त्याच बँडला पुन्हा बोलवा.