जुन्या मोटारीचं स्टिअरिंग

मोटारीचा कुठला भाग माणसाच्या सर्वांत जवळचा? इंजिन झाकणाखाली असतं, रंग बाहेरचे लोक बघतात. चालवणाऱ्याचे दोन्ही हात मात्र प्रवासभर स्टिअरिंगवर असतात. म्हणून जुनी गाडी समोर आली की मी आधी स्टिअरिंग बघतो. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी कड झिजलेली असेल, तर गाडी खरोखर चालवलेली आहे असं समजावं. मीटरचा आकडा मागे फिरवणारे पुष्कळ भेटतात. ही झीज खोटी करणारा मला अजून भेटायचा आहे.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. नोकरी यंत्रांच्या सोबतीत गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची स्टिअरिंग दुरुस्त करण्याचा नाद लागला. स्पोर्ट्‌स कार म्हणजे बहुधा दोन माणसांची, बुटकी, टप उघडणारी गाडी. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली, जॅग्वार ही त्यातली नावं. मुंबईतल्या जुन्या मोटारींच्या रॅलीत यांतली एखादी तुम्ही पाहिलीही असेल.

आमच्या भागात वूल्स्टन नावाचं गाव आहे. तिथे ब्लूमेल बंधूंचा कारखाना होता. सायकलचे पंप आणि मडगार्ड करणारी ही मंडळी मोटारींची स्टिअरिंगही करू लागली. त्यांच्या एका नमुन्याचं नाव ‘ब्रुकलँड्‌स’, म्हणजे सरे परगण्यातल्या प्रसिद्ध शर्यतीच्या मैदानावरून घेतलेलं. त्याचे आरे जाड पट्टीचे नसून बारीक पोलादी तारांचे जुडगे असतात, तंबोऱ्याच्या तारा शेजारी शेजारी लावाव्यात तसे. दिसायला देखणे, पण कारण शोभेचं नाही. त्या तारा किंचित लवचीक असतात आणि रस्त्याचे हादरे हातापर्यंत येण्याआधी थोडे जिरवतात. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीलाही सुरुवातीची काही वर्षं तारांच्याच आऱ्यांचं स्टिअरिंग होतं. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचा थाट वेगळा. लाकडी कड, ॲल्युमिनियमचे तीन चकचकीत आरे आणि त्यांत ओळीनं पाडलेली भोकं. आजही ‘स्पोर्ट्‌स कारचं स्टिअरिंग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं, आणि मग ते कुठल्याही गाडीला लावावंसं वाटतं. गोंधळाची सुरुवात इथून होते.

निवडताना सर्वांत आधी आकार बघावा. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. मोठं स्टिअरिंग म्हणजे लांब तरफ. एमजीबीचं मूळ स्टिअरिंग साडेसोळा इंची. ते काढून चौदा इंची लावलं, तर तेवढ्याच वळणाला हाताचा जोर सुमारे १८ टक्के जास्त लागतो. धावत्या गाडीत हे जाणवत नाही. अरुंद जागी गाडी लावताना खांदे सांगतात. उलट बाजूही आहे. या गाड्या इतक्या आखूड की जरा आडव्या बांध्याच्या माणसाच्या मांड्या मोठ्या स्टिअरिंगखाली अडकतात. त्याला पंधरा इंची द्यावं, त्यात कमीपणा काही नाही. मात्र बसून बघावं. कडेच्या आणि आऱ्यांच्या मधून वेगाचा काटा दिसला पाहिजे. कित्येक सुंदर स्टिअरिंगांची कड नेमकी त्या काट्यावर येते आणि मालक जन्मभर मान वाकडी करून बघतो.

जुनं स्टिअरिंग काढण्याची एक युक्ती सांगतो. समोरची चाकं सरळ करून दांड्यावर आणि स्टिअरिंगवर खूण करावी. मधला नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये; दोन-तीन आटे राहू द्यावेत. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवत ओढावं. नट पूर्ण काढला आणि स्टिअरिंग एकदम सुटलं, तर ते थेट नाकावर येतं. हातोडी मात्र चालवू नये. नंतरच्या गाड्यांत धडकेच्या वेळी दुमडणारा दांडा आला; अमेरिकेत १९६८ पासून तसा नियमच झाला. ठोके मारले तर तो दांडा आतून निकामी होतो आणि बाहेरून कळत नाही. त्याआधीचे दांडे सरळ, न दुमडणारे. धडकेत ते भाल्यासारखे छातीशी येत. जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आता दुरुस्ती. काळ्या कडेच्या आत पोलादी कडी असते आणि वर प्लास्टिक किंवा कडक रबर. वर्षानुवर्षं उन्हात हे वरचं आवरण आकसतं, आतलं पोलाद आकसत नाही, म्हणून तडे जातात. तडा दिसला की लोक लगेच लांबी भरतात. ती महिन्याभरात निघते, कारण कडेत अनेक वर्षांचा घाम आणि तेलकटपणा मुरलेला असतो. आधी तो धुऊन काढायचा. मग कानशीनं तडा उलट मोठा करायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आतलं पोलाद दिसेपर्यंत. गंज खरवडायचा. नंतर आपल्याकडच्या एम-सीलसारखं दोन भागांचं एपॉक्सी मळून थोडं उंचच भरायचं आणि पूर्ण एक दिवस त्याला हात लावायचा नाही. ही शेवटची पायरी सर्वांत अवघड! मग कानस, पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचे पातळ हात. कडेच्या मागच्या बाजूला बोटांसाठी लाटा असतील, तर त्या घासून सपाट होऊ देऊ नयेत. मी डोळे मिटून बोट फिरवतो. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो.

लाकडी कडेचं जुनं व्हार्निश यंत्रानं घासू नये, हातानं खरवडावं. कुणी हौशी चपड्याचं पॉलिश करतात. ही लाख भारतातूनच जगभर गेली, त्यामुळे मलाही मोह होतो; पण ओल्या, घामेजल्या हातांनी ते पांढरं पडतं. बोटींना लावतात ते व्हार्निश बरं. चामड्याची कड असेल तर शिवण आतल्या अंगाला घ्यावी आणि आरी-दोऱ्याची सवय नसेल तर काम सरळ खोगीर शिवणाऱ्याकडे द्यावं.

मध्यंतरी एक गृहस्थ वडिलांच्या एमजीबीचं लाकडी कडेचं स्टिअरिंग घेऊन आले. ते वडिलांनी नंतर हौसेनं बसवलेलं. लाकूड उत्तम होतं, पण एक ॲल्युमिनियमचा आरा मध्याला मिळतो तिथे केसाएवढी चीर होती. भिंगाखाली ती पलीकडे गेलेली दिसली. वेल्डिंग करून द्या, म्हणाले. मी नाही म्हटलं. अशा जागी वेल्डिंग केलं की उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि वळणावर स्टिअरिंग हातात आलं तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही. वडिलांनी ते चाळीस वर्षं वापरलं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी त्यांच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ बघून ते गप्प झाले.

शेवटी त्याच मापाचं नवं स्टिअरिंग गाडीला बसवलं. जुनं मी फक्त पुसून, हलकं मेण लावून परत दिलं. दोन्ही अंगठ्यांच्या जागी लाकूड फिकट पडलेलं होतं, तिथे मेणही लावू नका, असं त्यांनी बजावलं होतं. ते आता त्यांच्या घरी जिन्याजवळ टांगलेलं आहे. जाता-येता त्यावर हात ठेवून बघतात, आणि वडिलांचे अंगठे आपल्यापेक्षा जरा वर पडत, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.