परदेशी अनुदान आणि घरचा हिशेब

कृष्णाकांठच्या कऱ्हाड-वाळवे भागांतील ऊसतोडीचा हंगाम ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस शेतांतून उठणाऱ्या ज्वाळा नवीन नाहींत. ऊस कारखान्याकडे जातो, वाढें गुरांपुढें पडतें, आणि मागें उरलेल्या पाचटास काडी लागते. हेक्टरी सुमारें १० टन जळण असें धुरांत जातें. आणि त्याच गांवांत एखादी गृहिणी ओल्या काटक्यांवर फुंकणीनें फुंकीत, पदरानें डोळे पुशीत, भाकरी भाजीत असते.

हा विपरीत व्यवहार ज्यांच्या मनास खुपला, त्यांत सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें प्रयोग करणारी ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’, संक्षेपानें ‘आरती’, ही संस्था होय. डॉ. आनंद कर्वे प्रभृति मंडळींनीं १९९६ सालीं ती स्थापन केली. त्यांची युक्ति साधी होती. पाचट लोखंडी पिपांत ठासावयाचें, तीं पिपें भट्टींत ठेवून भोंवतीं पाचटाचाच जाळ करावयाचा. पिपांत मोकळी हवा नसल्यामुळें आंतील पाचटाची राख न होतां कोळसा होतो. तो खळींत मळून त्याच्या कांड्या पाडिल्या म्हणजे बिनधुराचें जळण हातीं येतें. या कामास २००२ सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. आणि खरकट्या अन्नावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस टांकीसाठीं २००६ सालीं तें पुन्हां मिळालें.

या हकीकतींतील क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. आधीं भट्टी पेटली, मग परदेशाचें लक्ष गेलें. पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा होतो. स्वच्छ ऊर्जेसाठीं परदेशांत पैसा आहे असें कानीं येतें, आणि मग काय काम लिहावें याचा शोध सुरू होतो. असा अर्ज कितीही डौलदार इंग्रजींत लिहिला, तरी परीक्षकास त्यांतील पोकळी दिसल्यावांचून राहत नाहीं.

अर्जाची पहिली पायरी कायद्याची. परदेशी देणगी घेण्यास २०१० च्या कायद्यान्वयें केंद्र सरकारच्या गृहखात्याकडे नोंदणी लागते. त्यासाठीं संस्था निदान तीन वर्षांची असावी, व मागील तीन आर्थिक वर्षांत तिनें आपल्या मूळ कार्यावर १५ लाख रुपये खर्चिलेले असावेत. एवढें नसेल तर ठराविक दात्याकडून ठराविक कामासाठीं, त्याचें लेखी आश्वासन जोडून, पूर्वपरवानगी मागतां येते. २०२० च्या दुरुस्तीनें तीन बंधनें आलीं. रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांतच जमा व्हावी. व्यवस्थापनाचा खर्च शेंकडा २० च्या वर जाऊं नये. आणि आलेली देणगी दुसऱ्या संस्थेस देऊं नये. या शेवटच्या अटीमुळें लहान मंडळास मोठ्या संस्थेच्या पंखाखालीं राहून पैसा घेण्याची वाट बंद झाली आहे. तेव्हां वर्षोवर्षींचे तपासलेले हिशेब नीट ठेवणें, हीच त्याची खरी पूर्वतयारी.

दुसरी पायरी दात्याच्या निवडीची. सर्वच दाते लहान कामाकडे पाहत नाहींत. जागतिक पर्यावरण निधीची लघु अनुदान योजना मात्र १९९२ सालापासून स्थानिक संस्थांसाठींच चालत आली आहे. तेथें संस्थेचा स्वतःचा वांटाही अपेक्षित असतो. पण तो रोखच असावा असें नाहीं. गांवानें दिलेली जागा व अंगमेहनत हींही त्यांत धरतां येतात.

तिसरी पायरी प्रत्यक्ष अर्जाची. सांगली जिल्ह्यांतील जत तालुक्यांत एखाद्या महिला मंडळास ४० घरीं सुधारलेल्या चुली बसवावयाच्या आहेत, असें समजा. ‘इंधनाची मोठी बचत होईल’ या वाक्यास किंमत नाहीं. प्रत्येक घरीं आठवडाभर लांकूड तराजूनें तोलावें. स्वैपाकाचें जळण निराळें मांडावें, न्हाणीच्या चुलीचें निराळें. नवी चूल आल्यावर तेंच पुन्हां तोलावें. एका चुलीचा खर्च किती, ती फुटल्यास दुरुस्ती कोण करणार, आणि त्याची मजुरी कोठून येणार, हेंही लिहावें. एखाद्या घरीं बचत दिसली नाहीं, तर तें लपवूं नये. चाळीसांपैकीं चाळीस घरें यशस्वी दाखविणाऱ्या अर्जापेक्षां, एकतीस यशस्वी आणि नऊ कां फसलीं हें सांगणारा अर्ज अधिक विश्वासास पात्र ठरतो.

अनुदान दोन-तीन वर्षांत संपतें. चूल मात्र रोज पेटवावी लागते. पैसा आटल्यावर बायोगॅसची टांकी परसांत गंजत पडली, तर नुकसान परदेशांतील दात्याचें फारसें होत नाहीं. तें होतें त्या गृहिणीचें, जिनें एकदां विश्वास टाकून जुनी चूल मोडली होती. पुढच्या खेपेस कोणी चांगलें काम घेऊन दाराशीं आलें, तर ती दार उघडील काय? अर्जावर सही करण्यापूर्वीं मंडळाच्या चालकांनीं या प्रश्नाचें उत्तर आपल्या वहींत मांडून पाहावें.